सातव्या पायरीखालचं अक्षर

मी एक जुना लाकडी जिना आहे, मित्रांनो. माझी गोष्ट गोडीत सांगायचा विचार होता, पण डोकं इतकं तापलंय की जमेलसं वाटत नाही.

बागेतल्या या थोरल्या बंगल्यात एका सुताराने मला अडीच महिने खपून बसवलं. पुढे त्याचा मुलगा दर वर्षी यायचा. जिन्याखालच्या कपाटात वाकून शिरायचा, प्रत्येक पायरीला खालून हातोडी मारून आवाज ऐकायचा आणि फळीवर पेन्सिलीने नोंद करायचा. माझी काळजी खालून घ्यावी लागते, हे त्याला ठाऊक होतं.

मग फाटकावर 'ऐतिहासिक वास्तू' अशी पाटी लागली आणि बंगला लग्नांना मिळू लागला. व्यवस्थापक आला. शेवटच्या फेरीत सुताराच्या मुलाने फळीवर काहीतरी लिहून ठेवलं, व्यवस्थापकालाही सांगितलं. "सीझन संपू दे" म्हणत व्यवस्थापकाने त्याला वाटेला लावलं, कपाटाला कुलूप घातलं आणि मला वरून पॉलिश चढवलं. लोक माझ्या कठड्यावर हात फिरवून वाहवा करत होते, आणि आत वाळवी पोट भरत होती. कोणी विचारलं का मला? विचारायचं नाव नाही.

परवा एक मुलगी वडिलांना घेऊन जागा बघायला आली. मला बघताच हरखली.

"दोन्हीकडची मिळून साठ माणसं पायऱ्यांवर उभी करतो," व्यवस्थापक म्हणाला. "असा फोटो दुसरीकडे मिळायचा नाही."

साठ म्हणे. माझ्या सातव्या पायरीला मांजरसुद्धा जड होत होतं.

वडिलांनी जन्मभर बस चालवलेली. गाडी काढण्याआधी टायरवर दांडा हाणून आवाज ऐकायची सवय. छत्रीने ते माझी एकेक पायरी ठोकत चढू लागले. सहा पायऱ्या खणखणीत वाजल्या. सातवी भद्द वाजली.

"ही गेलेली आहे," ते म्हणाले.

मुलीचा चेहरा उतरला. "बाबा, तुम्हाला प्रत्येक जागेत खोट दिसते. ही चौथी जागा."

"अहो काका, सागवान आहे, इतकी वर्षं हललेलं नाही," असं म्हणत व्यवस्थापक वर चढला आणि खात्री पटवायला सातवीवर दणकन उडी मारली.

पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. मी त्याला मुद्दाम पाडलं नाही, मित्रांनो. मला धरताच आलं नाही. वाईट वाटलं का म्हणाल, तर अजिबात नाही.

पाय खालून सोडवायला कपाट उघडावं लागलं. मुलगी आत वाकली तेव्हा तिला फळीवरचं अक्षर दिसलं. तिने मोठ्याने वाचलं: "सातवी ते दहावी पोकळ. बदलल्याशिवाय वापरू नये. व्यवस्थापकांना सांगितले." खाली सहा वर्षांपूर्वीची तारीख होती.

ती कपाटातून बाहेर आली. मग वडिलांची छत्री स्वतःच्या हातात घेत म्हणाली, "चला बाबा. पुढची जागा मी ठोकून बघते."

ते गेले, सुटले. आज सातवीवर नवं फळकूट ठोकलंय. आठवी, नववी, दहावी तशाच, वरून लाल गालिचा. रविवारी दुसऱ्यांची साठ माणसं उभी राहणार आहेत.

मित्रांनो, माझं कौतुक पुरे. तुम्ही त्या लग्नाला येणार असाल तर आधी कपाट उघडायला लावा. लहान भावंडांना माझ्यावर चढू देऊ नका. मला त्यांना धरता येणार नाही.