खुर्चीवरून बाकावर

अण्णा नगरातल्या आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात मी सव्वीस वर्षं एकाच लाकडी खुर्चीवर बसले. समोर कापडी बांधणीचं रजिस्टर. त्यात दोनच रकाने होते, ‘सुटली’ आणि ‘परत सुरू’. दुसऱ्या रकान्यात गेलेल्याचं नाव डॉक्टर राघोत्तम लाल शाईनं कापायचे, म्हणजे त्याचा उपचार बंद. त्यांची शिस्तच तशी होती. आजही डोळे मिटले की ती नावं मला क्रमानं आठवतात.

२००७ च्या जूनमध्ये पुण्याची रुचिरा केंद्रात कामाला आली आणि तिनं एक फॉर्म आणला. गेल्या अठ्ठावीस दिवसांत किती दिवस प्यायलात, किती दिवस कामावर गेलात, झोप कशी, घरात भांडणं किती. दाखल होताना एकदा भरायचा आणि मग दर महिन्याला. डॉक्टर म्हणाले, “तीन महिने बघू. उपयोग दिसला नाही तर बंद.”

दाखल होतानाचे फॉर्म रुचिरानं एकेकट्याला बसवून भरले. पुढचे मी मागून घेतले. ही माणसं माझी होती, माझ्याशी खोटं कोण बोलणार? हॉलमध्ये बायकांना शेजारी बसवून मी एकतीस जणांना विचारलं. एकतीसही जणांनी शून्य सांगितलं.

रुचिरानं गठ्ठा चाळला आणि हसली. “अक्का, हे खरं असेल तर केंद्राला कुलूप लावू या.”

“म्हणजे?”

“तुम्ही यांच्या बायकांच्या ओट्या भरल्यात. तुमच्या तोंडावर ‘प्यालो’ कोण म्हणेल?”

मला राग आला. दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोलले.

तिसऱ्या दिवशी सुंदरी आली. तिचा नवरा मानाजी शहराबाहेर गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात फिटर. आमच्याच तंजावरकडचा मराठी. उपचार चालू असल्याचं पत्र दर तीन महिन्यांनी दिलं तरच कारखाना त्याला ठेवणार होता, आणि पत्राची तारीख आठवड्यावर आली होती. सुंदरी डॉक्टरांसमोर रडत म्हणाली, “हे रविवारी पुन्हा पिऊन आले, सार.”

डॉक्टरांनी लाल पेन उघडलं. मानाजीच्या फॉर्मवर माझ्याच अक्षरात शून्य होतं.

“थांबा डॉक्टर,” मी म्हणाले. “त्याला पुन्हा विचारू. पण मी नाही. रुचिरा विचारेल, दार लावून.”

मानाजी आला तशी मी कॉफीचा टंबलर उचलला आणि बाहेर पुंगाच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखालच्या बाकावर सुंदरीजवळ जाऊन बसले. आत अर्धा तास गेला. मग मानाजीला विचारून रुचिरानं फॉर्म डॉक्टरांकडे नेला. मीही मागोमाग गेले.

“नऊ दिवस प्याला,” डॉक्टर म्हणाले, “आणि याला पत्र द्यायचं?”

“दाखल झाला तेव्हा सव्वीस होते,” रुचिरा म्हणाली. “कामाचे दिवस सहा होते, आता एकवीस आहेत.”

“ताप एकशे चारवरून शंभरवर आला की रोग्याला वॉर्डाबाहेर काढता का?” मी विचारलं.

डॉक्टरांनी दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ पाहिले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “अक्का, इतकी वर्षं मला हे कोणी का नाही सांगितलं?”

“तुमच्या हातातल्या लाल पेनामुळे.”

त्यांनी ते खिशात ठेवलं आणि निळ्या शाईनं पत्र लिहिलं. उपचार चालू आहेत, सुधारणा आहे. पत्र मुदतीच्या दोन दिवस आधीच कारखान्यात पोचलं.

बाकीच्या तीस जणांनाही रुचिरानं पुन्हा एकेकट्याला विचारलं. मी खुर्ची तिला देऊन टाकली. फॉर्म राहिला, आणि दर महिन्याला फॉर्म भरायच्या दिवशी माझी जागा बाकावर ठरली.

पुढच्या महिन्यात मानाजी फॉर्म भरून बाहेर आला आणि माझ्यासमोर मान खाली घालून उभा राहिला. “सात आलेत, अक्का. शून्य नाही.”

“मोजून लिहिलेस?”

“सुंदरीला बाहेर ठेवून, बोटांवर मोजून.”

“मग बस,” मी बाकावर सरकून म्हणाले. “कॉफी निवतेय.”