बिनमोरचुदाची खळ

"बसली तर मी मिशी काढतो," कृष्णमूर्ती म्हणाले. "आणि नाही बसली, तर तुम्ही काढायची. इथंच, देवाप्पाच्या खुर्चीत, चारचौघांत. सरी?"

"सरी, कबूल," गुंडो म्हणाला. "रविवारी सकाळपर्यंत मुदत. मागं सरेल त्यानं वर्षभर साडी नेसायची."

"साडीचं काही ठरलं नाही."

"बरं, मिशीवर भागवू."

देवाप्पा वस्तरा पट्ट्यावर घासत होता. त्याचं दुकान म्हणजे बसवनगुडीतल्या त्या गल्लीत करंजाच्या झाडाखाली एक लाकडी खुर्ची आणि झाडाला खिळ्यानं ठोकलेला आरसा. "पण बसायची कोण?" त्यानं विचारलं.

"मधमाशी," दोघं एकदम म्हणाले.

भांडण सुरू झालं होतं कंपाउंडच्या भिंतीवर वाळत ठेवलेल्या एका टॅगवरून. बोटभर लांबीचा जाड कागद, त्यावर जुन्या पंचांगाचं पिवळं पान चिकटवलेलं, पानावर चहाच्या पाण्याचा डाग मुद्दाम पाडलेला, वरून पांढऱ्या रंगाचा हात, साडीच्या काठाचा तुकडा आणि मधोमध वाळवलेलं शेवंतीचं फूल, त्याला पातळ कागदाच्या पाकळ्यांची जोड. खरं फूल कुठं संपतं आणि कागद कुठं सुरू होतो ते कळायचं नाही. गुंडोची बायको अहल्या असले टॅग आणि कार्डं करायची. याला मिक्स मीडिया म्हणतात, असं ती सांगायची. "म्हणजे आपला बिसिबेळे भात, सगळं एकाच पातेल्यात," असं गुंडो सांगायचा.

तर गुंडो बोलून गेला की हे फूल बघून मधमाशीसुद्धा फसेल. कृष्णमूर्तींनी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेलं. ते म्हणाले, "ती काय लग्नातला पाहुणा आहे, नुसतं डेकोरेशन बघून बसायला?" कृष्णमूर्ती मूळचे कन्नड. त्यांना मराठी गुंडोनंच शिकवलेलं, त्यामुळं त्यात दोन शिव्या अशा होत्या की त्या शिव्या आहेत हे त्यांना अजून माहीत नव्हतं. बँकेतल्या मराठी मॅनेजरला ते त्यातली एक आदरानं वापरायचे.

"विचार करा अण्णा," देवाप्पा गुंडोला म्हणाला. "मिशी गेली की येणारा-जाणारा प्रत्येकजण विचारणार, कोण गेलं म्हणून."

"सांगू की, मूर्तींची अक्कल गेली," गुंडो म्हणाला.

"टॅग मात्र मी निवडणार," कृष्णमूर्ती म्हणाले. "तुमचा भरवसा नाही."

गुंडोचा भरवसा कुणालाच नव्हता. सरकारी छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात त्यानं चौतीस वर्षं काढली. तिथं त्यानं एका साहेबाचा सर्व्हिस रेकॉर्ड पाळण्यातल्या नावांच्या पुस्तकात शिवून बांधला होता, आणि साहेब निवृत्त होईपर्यंत तो सापडला नव्हता. लग्नात, बारशात, तेराव्याला, गुंडो आला की लोक आपापल्या चपलांवर लक्ष ठेवायचे. झुपकेदार मिशी, तिला रोज खोबरेल. त्या मिशीखाली हसू आहे की नाही हे कळत नाही, हाच त्याचा धंदा.

फक्त चार वर्षांपूर्वी तो धंदा काही काळ बंद पडला होता. साथीच्या साली मुलगी गेली. सुप्रीता, एकुलती एक. इस्पितळातून परस्पर स्मशानात नेली. जावई रविकिरणला प्लास्टिकचा पिशवीसारखा सूट घालून लांब उभं राहायला दिलं, आणि आईबाप फाटकाशीच थांबले. तिच्यासाठी अहल्यानं गांधी बाजारातून शेवंतीची माळ नेली होती. ती आत गेलीच नाही. कुणी घेईना. गुंडोला त्या दिवशी हातांचं काय करायचं ते कळेना. बाप गेला असता तर निदान मिशी उतरवायची असते. मुलीसाठी बापानं काय उतरवायचं ते कुठं लिहिलेलं नव्हतं.

माळ घरी परत आली. अहल्यानं ती कचऱ्यात टाकली नाही, की देवालाही वाहिली नाही. टेलिफोन डिरेक्टरीच्या पानांत एकेक फूल दाबून वर पाटा ठेवला. तेरा फुलं होती. नात वल्लरी तेव्हा पाच वर्षांची. ती अठराची होईपर्यंत तेरा वाढदिवस होतात, हे अहल्याला कुणी सांगावं लागलं नाही. मोबाईलवर बघून बघून ती कार्डं करायला शिकली ती यासाठी. बाकीची कार्डं, लग्नाचे टॅग, दिवाळीचे टॅग, सगळा नंतरचा व्याप. दरवर्षी एक फूल, एक टॅग, मागं दोन ओळी. 'तुझ्या आईसाठी आणलेलं फूल. आजी.' रविकिरणनं दुसरं लग्न केलं, हेब्बाळला फ्लॅट घेतला. माणूस वाईट नव्हता. वाढदिवसाच्या सकाळी पोरीला घेऊन यायचा, तासभर बसायचा. त्या घरात सुप्रीताचा फोटो नव्हता, पण वल्लरीच्या टेबलावर दोऱ्याला लटकवलेले तीन टॅग होते. हे पोरीनंच सांगितलं होतं.

या सगळ्यात गुंडोचं काम एकच. दर मंगळवारी खळ शिजवायची. विकतचा गोंद अहल्याला चालत नसे, त्यानं पाकळी काळी पडते. मैद्याची खळ, मंद आचेवर, गुठळी न होऊ देता, आणि शेवटी चिमूटभर मोरचूद. निळ्या खड्यांचं हे विष घातलं की कागदाला झुरळ, मुंगी, कसर काही शिवत नाही. छापखान्यातली शंभर वर्षांची रजिस्टरं त्याच्यावर उभी आहेत, असं गुंडो छाती काढून सांगायचा. तेवढ्या एका बाबतीत त्यानं आयुष्यात कधी चेष्टा केली नव्हती.

त्या मंगळवारी केली. टॅग कृष्णमूर्ती निवडणार म्हणजे एकाच टॅगला गोड बोट लावून भागणार नव्हतं. सगळेच गोड हवेत. म्हणून त्यानं अख्ख्या पातेल्यात चार चमचे काकवी ओतली. आणि मोरचुदानं माशी यायची नाही म्हणून त्याची पुडी परत फळीवर ठेवली. ढवळताना तो गालातल्या गालात हसत होता. देवाप्पाच्या खुर्चीत उघड्या ओठाचे कृष्णमूर्ती त्याला दिसायला लागले होते.

अहल्यानं ब्रश बुडवला. "आज निळसर नाही दिसत खळ."

"उजेडाचा दोष गं."

"मोरचूद घातलात ना?"

"घातलाय की. चौतीस वर्षं काय भजी तळली मी?"

ती हसली आणि कामाला लागली. दार ओढून घेऊन ती दुपारभर आतल्या खोलीत काहीतरी चिकटवत बसली होती. लग्नाची मोठी ऑर्डर असेल, असं त्याला वाटलं.

बुधवारी कृष्णमूर्तींनी चष्मा पुसून, विकायचे बाराएक टॅग हुंगून, त्यातला एक निवडला आणि स्वतःच्या हातानं भिंतीवर टाचला. बुधवार कोरडा गेला. गुरुवारी एक मुंगळा आला, त्याला कृष्णमूर्तींनी नियमबाह्य ठरवलं. शुक्रवारी सकाळी साडेनऊला मधमाशी आली. टॅगभोवती दोनदा फिरली आणि नेमकी फुलावर बसली. नुसती बसली नाही, सोंड खुपसून चाटायला लागली.

कृष्णमूर्ती तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून फोन काढून तिचा फोटो घेतला. "अक्कांना सांगा," ते हळूच म्हणाले, "त्यांच्या हातापुढं माझं विज्ञान हरलं. रविवारी दहा वाजता बसतो मी खुर्चीत."

गुंडो गल्लीभर सांगत सुटला. दूधवाला, फुलवाली भागुबाई, समोरच्या मेसमधली पोरं, सगळ्यांना रविवारचं आमंत्रण. जेवताना तो एकटाच खुदकन हसला. अहल्यानं विचारलं, "काय झालं हो?" तो म्हणाला, "रविवारी कळेल."

तिला शनिवारीच कळलं.

सोमवारी वल्लरीचा वाढदिवस. त्यासाठी टॅगला भोक पाडून दोरा ओवायला अहल्यानं दुपारी कपाटातलं साडीचं खोकं काढलं. गुंडो पेपर वाचत होता. तिचा आवाज आला, चढलेला नाही, रोजचाच. "अहो, जरा इकडं या."

खोक्यात दहा टॅग होते. एकेकावर सोनेरी शाईनं आकडा, नऊपासून अठरापर्यंत. आकडे शाबूत होते. आकड्यांखाली फूल होतं तिथं काही नव्हतं. झुरळांनी खळ खाल्ली, खळीखालचं पंचांग खाल्लं, पार खालच्या पुठ्ठ्यापर्यंत खरवडलं होतं. कोपऱ्यातून मुंग्यांची ओळ बाहेर निघाली होती, आणि त्या ओळीत शेवंतीची एक पाकळी हलत होती. दोन मुंग्या ती ओढत होत्या. गुंडोनं वाकून ती चिमटीत धरली. चिमटीत तिचा भुगा झाला.

"कडा झडायला लागल्या होत्या फुलांच्या," अहल्या म्हणाली. "म्हटलं, माझ्या हाताला काही व्हायच्या आत सगळी एकदमच लावून ठेवावीत. अठरापर्यंतची." मग तिनं विचारलं, "मोरचूद घातला होता ना तुम्ही?"

गुंडोकडे जन्मभर कशालाही उत्तर तयार असायचं. आत्ताही तीन तयार होती. पुडी जुनी असेल. पावसाळी हवा. हल्लीची झुरळं विष पचवतात.

"नाही," तो म्हणाला.

"मग काय घातलं होतं?"

"काकवी."

"कशाला?"

"पैज होती. मूर्तींशी. मधमाशी बसते की नाही."

"बसली?"

"बसली."

"बरं," अहल्या म्हणाली. तिनं झाकण लावलं. झाकणावरच्या मुंग्या पदरानं हळू झटकल्या, एकही चिरडू न देता. आणि मग स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाली, "माझंच चुकलं. सगळी एकदम लावायला नको होती. तीनचार तरी डिरेक्टरीत ठेवायला हवी होती."

ती ओरडली असती, खोकं त्याच्या डोक्यावर मारलं असतं, तर गुंडो वाचला असता. त्यानंतर तिनं चहा दिला, जेवण वाढलं, कुकरची शिट्टी मोजली. बोलली मात्र नाही.

रविवारी दहाला करंजाखाली ही गर्दी. भागुबाई पाटी घेऊनच आली होती. मेसमधली पोरं फोन वर धरून उभी. कृष्णमूर्ती इस्त्रीचा शर्ट घालून आले, खुर्चीत ताठ बसले आणि चष्मा काढून देवाप्पाच्या हातात दिला. शब्दाचा माणूस. देवाप्पानं साबण फेसवला.

"मूर्ती, उठा," गुंडो म्हणाला.

"का? हरलो मी."

"उठा म्हणतो ना."

"बघा, बघा, आता साडीवर येणार हा," भागुबाई म्हणाली, आणि सगळे हसले.

कृष्णमूर्ती उठले. गुंडो खुर्चीत बसला. "माशी फुलावर बसली नाही," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "काकवीवर बसली. खळीत मी काकवी घातली होती आणि मोरचूद घातला नव्हता. अहल्याचं पुढच्या दहा वर्षांचं काम झुरळांनी खाल्लं. सुप्रीताची फुलं होती त्यात. सगळी. मी हरलोय. काढ रे देवाप्पा."

काही जण हसायला लागले होते, ते मध्येच थांबले. मेसमधल्या पोरांनी फोन खाली केले. कृष्णमूर्तींनी पुढं होऊन टॉवेल गुंडोच्या गळ्याभोवती नीट खोचला.

"अण्णा, नक्की?" देवाप्पानं विचारलं.

"काढ."

वस्तरा फिरला. चाळीस वर्षांची मिशी चार फटक्यांत टॉवेलवर आली. खाली एक पांढरा, अरुंद ओठ निघाला, जो त्या गल्लीत कुणीच पाहिला नव्हता. त्यावर हसू नव्हतं, आणि आता ते सगळ्यांना दिसत होतं.

तेवढ्यात गल्लीतले मल्हारराव देवळाकडून परतत होते. ऐंशीचं वय, पैजेबिजेचं त्यांना काही माहीत नाही. काठी टेकून ते थांबले. "गुंडो," ते म्हणाले, "कोण गेलं रे?"



"सुप्रीता," गुंडो म्हणाला.

मल्हारराव म्हणाले, "त्याला चार वर्षं झाली की रे बाबा."

"हो. मला इथं यायला उशीर झाला."

गर्दीच्या मागं अहल्या उभी होती. हातात कापडी पिशवी. कधीपासून उभी होती कुणाला ठाऊक. लोकांनी वाट दिली. ती खुर्चीपाशी आली, गुंडोच्या तोंडाकडे बघितलं, टॉवेलचं टोक घेऊन ओठाच्या कडेला राहिलेला साबण पुसला. मग पिशवीत हात घालून कागदाची एक पुडी काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

कागदाला एका बाजूनं निळा डाग लागला होता.

"मंगळवारी लागेल," ती म्हणाली, आणि घराकडे चालायला लागली. गुंडो पुडी मुठीत धरून तिच्या मागून निघाला. वारा होता, आणि वरच्या ओठाला गार लागत होतं.