भाईंचे अर्धे वाक्य

मित्रांनो, तुम्ही कॉम्प्युटरचा पडदा पाहता, कळा दाबता. मला मात्र तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. पेटीच्या आत, पत्र्याला स्क्रूने जखडलेला जो हिरवा पाट असतो, तो मी. मी एक जुना, स्वस्तातला मदरबोर्ड आहे. प्रोसेसर माझ्यावर बसतो, मेमरी माझ्यात खोचतात, आणि पडद्यावर उमटणारे प्रत्येक अक्षर आधी माझ्या अंगावरच्या तांब्याच्या रेषांतून धावत जाते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. महागड्या बोर्डांना चांगले भाग बसवत आणि हलके आमच्या वाट्याला येत. तेव्हा ते मला ठाऊक नव्हते. २००३ साली कट्टा गावच्या बाजारात मितेशने आपल्या दुकानात मला पेटीत बसवले आणि समुद्राकाठच्या वायरी गावात भाईंच्या घरी आणून दिले.

भाई मालवाहू जहाजांच्या इंजिनात काम करून निवृत्त झाले होते. घरात त्यांची बायको आनंदी आणि मुलगी शर्मिला. शर्मिला माझ्यावर लग्नपत्रिका तयार करी, दशावतारी नाटकांच्या जाहिराती करी. "आमचो कॉम्प्युटर कदी दमणा नाय," असे आनंदी शेजारच्या काशीबाईला सांगे. ते ऐकून मला फार बरे वाटे.

मग २००७ साली भाईंना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, जीभ वळेना. डोके मात्र शाबूत होते. डाव्या हाताने पाटीवर लिहायला जात तर नुसत्या रेघोट्या उठत, आणि ते पाटी ढकलून देत. शेवटी शर्मिलाने कळांवर मराठी अक्षरांचे कागद चिकटवले, पडद्यावरचे अक्षर मोठे केले आणि भाईंना माझ्यापुढे बसवले. डाव्या हाताच्या एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, त्यांनी पहिले वाक्य लिहिले: 'आमटीत मीठ नाय.'

"बघा, बोलूक लागले!" आनंदी हसता हसता रडू लागली. "आणि पयला वाक्य काय, तर माझी खोडी!"

त्या दिवसापासून मी भाईंची जीभ झालो. आणि नेमका तेव्हाच मी अडकू लागलो.

आधी दिवसातून एखाद्या वेळी, मग घडोघडी. अक्षरे पडद्यावर थिजत, बाण हलेनासा होई. कधी मी आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होई आणि भाईंनी लिहिलेले सगळे पुसले जाई. ते डाव्या मुठीने टेबल ठोकत. माझ्या अंगात मला स्वस्थपणा म्हणून नव्हता. सुरू असलो तरी आता अडकेन, आता अडकेन असे वाटत राही.

एका दुपारी भाईंनी लिहिले, 'शर्मिला, तू' आणि मी थिजलो.

"तुका जेवूक सांगतत, आणखी काय!" आनंदी म्हणाली.

"लगीन कर म्हणतत गो," काशीबाई दारातूनच बोलली. "बापाशीक दुसरी कसली काळजी?"

शर्मिलानेही अंदाज केले. "भाई, मी मुंबैक जाऊचा काय? औषधा बदलूची?" भाई नाही म्हणून मान हलवत राहिले. शेवटी त्यांनी डोळे मिटून घेतले आणि संध्याकाळपर्यंत उघडले नाहीत.

मग शर्मिला माझ्या मागे लागली. तिला स्वस्थ बसवेना. व्हायरस असेल म्हणून तिने सगळे पुसून नव्याने भरले. मी अडकलोच. मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासले. थोडे दिवस बरे गेले, पुन्हा तेच. वीज देणारा डबा बदलून पाहिला. मग प्रोसेसरवर हात धरून पाहिला, तर तो तापलेला. तेव्हा भाईंनी, दोनदा अडकून, तिसऱ्या खेपेस लिहिले: 'वारो दी.'

जहाजाच्या इंजिनखोलीत उकाडा वाढला की वाऱ्याकडे तोंड फिरवलेल्या मोठ्या नळातून आत वारा घ्यायचा, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले. घरात कोणाला शंका आली नाही. वाऱ्याने कोणाचे वाईट होते का? पेटीचा पत्रा काढला, टेबल समुद्राकडच्या खिडकीशी नेले. पंधरवडाभर मी गार राहिलो आणि सगळे खूश झाले. पण त्या वाऱ्यात मीठ होते. माझ्या तांब्यावर हिरवी बुरशी धरावी तसे काही चढू लागले, आणि मी पूर्वीपेक्षा वाईट वागू लागलो.

शेवटी मितेश आला.

"काय भाई, येवढ्या बोटी चालवलात आणि ह्यो डबो तुमचा ऐकणा नाय?"

भाईंचे बोट हळूहळू फिरले. 'तुझ्या हातचो आसा म्हणान.'

मितेश मोठ्याने हसला. त्याने बरोबर आणलेला दुसरा प्रोसेसर माझ्यावर बसवला. मी त्याच्याशीही तसाच अडकलो. "प्रोसेसर बरो आसा गो शर्मिला. बोर्डातच कायतरी आसा." त्याने मला बाहेर काढून उजेडात धरले. प्रोसेसरच्या शेजारी छोट्या उभ्या डब्या असतात. वीज कमीजास्त झाली तरी प्रोसेसरला ती एकसारखी मिळावी, हे त्यांचे काम. त्यांतल्या तिघींची डोकी फुगली होती आणि एकीतून तपकिरी रस गळला होता.

"असलो बोर्ड आता गावणा नाय. नवीनच सगळा घेवया," मितेश म्हणाला.

मी पेटीबाहेर पडलेला. भाईंना लिहिता येईना. पण त्यांनी डावा हात माझ्यावर ठेवला आणि उचलू दिला नाही.

"भाई, हेका दुरुस्तच करूचा म्हणतास?" शर्मिलाने विचारले. भाईंनी मान डोलावली.

मितेशने मला स्पिरिटने घासले, फुगलेल्या डब्या काढून नव्या डाग देऊन बसवल्या. मग माझ्या आतल्या सेटिंग्जमध्ये जाऊन प्रोसेसरचा वेग उतरवला. "धावाक नको हेका. चलांदे." टेबल पुन्हा आतल्या भिंतीशी गेले.

भाई बसले. सगळे माझ्याभोवती उभे. मी हळू झालो होतो, पण स्थिर होतो. अक्षरामागून अक्षर आले: 'शर्मिला, तू माझा वाक्य पुरा करू नको. माका वेळ लागता.'

शर्मिला खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली. त्यानंतर ती रोज तशीच बसे, आणि बोट कळेवर पडेपर्यंत तोंड उघडत नसे.

पुढच्या वर्षी, एका सकाळी, भाईंनी लिहिले, 'आनंदीक सांग' आणि त्यांचे बोट थांबले. मित्रांनो, त्या दिवशी मी अडकलो नव्हतो. पुढचे अक्षर जिथे यायचे, तिथली रेघ लुकलुकत होती. शर्मिलाने सवयीने वाट पाहिली. मग तिने त्यांच्याकडे पाहिले.

माणसे जमली. काशीबाई पडदा बघून म्हणाली, "तेंका म्हणूचा हुता..."

"काकी, नको," शर्मिला म्हणाली.

सगळे आटोपून माणसे गेल्यावर आनंदीने विचारले, "काय सांगूचा हुता गो माका?"

"म्हायत नाय, आये."

आनंदी बराच वेळ त्या दोन शब्दांपुढे बसून राहिली. शर्मिला मला बंद करायला आली, तेव्हा मी नेहमीप्रमाणे विचारले, लिहिलेले जपून ठेवायचे का? तिने 'हो' दाबले.

मित्रांनो, आम्हाला खाऱ्या वाऱ्यापासून दूर ठेवा. आम्ही अडकलो तर ठोकू नका. आमचा वेग कमी करून पाहा. आणि तुमच्या घरात कोणी अडखळत बोलत असेल, तर त्याच्या शेजारी बसा आणि पुढचा शब्द त्याचा त्याला शोधू द्या.