रिकाम्या थाळ्याची साक्ष

मित्रांनो, जागोजागी टवके उडालेला, बुडाशी गंजलेला एक जुना पांढरा एनॅमलचा थाळा तुमच्याशी बोलतो आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलूच्या डोंगरात, ओढ्याकाठच्या एका घरात माझा जन्म गेला. आधी माझ्यात मक्याच्या पिठाचं शिजवलेलं मोकळं पुथू वाढलं जाई. पहिला टवका उडाला आणि माझी रवानगी कोंबड्यांपुढे झाली.

तिथून मला उचललं ते सूनबाईनं, बोनिसिवेनं. ती आणि शेजारीण माभेंगू मिळून ओढा तपासायच्या. पायानं दगड ढवळायचे, खालच्या अंगाला जाळी धरायची आणि जाळीतलं सगळं माझ्यात ओतायचं. माझ्या पांढऱ्या अंगावर बारीक जीवही ठळक दिसत. दोन शेपट्यांचे किडे वळवळले की पाणी उत्तम. नुसत्या जळवा आणि लाल अळ्या असल्या की पाणी बिघडलं.

"आमच्या वेळी यात जेवण असायचं," सासूबाई माशेझी चिडवायच्या, "आता किडे वाढतेस होय गं?"

बोनिसिवेची मात्र एक अडचण होती. तिच्या वारलेल्या सासऱ्यांचं नाव मान्झोल्वांडले, आणि झुलूत पाण्याला म्हणतात अमान्झी. तिथली रीत अशी, की सुनेनं सासऱ्याच्या नावाशी जुळणारा शब्द उच्चारायचा नाही. म्हणून ती पाण्याला अमान्दाम्बी म्हणायची. तो सुनांचा राखीव शब्द.

ओढ्याच्या वरच्या अंगाला गुरांचे गोचीड मारायच्या औषधाचा हौद आहे. कुणीतरी तो धुतला आणि औषध सरळ ओढ्यात सोडलं. हे कळलं मागाहून. त्या सकाळी जाळी माझ्यात उपडी केली, तर काहीच नाही. नितळ पाणी आणि मी.

"अगं बाई, एक किडा नाही!" माभेंगूनं टाळी वाजवली. "ओढ्याला कुणी आंघोळ घातली की काय?"

"जळूसुद्धा नाही, वहिनी," बोनिसिवे हळूच म्हणाली. "ती तर घाणीतही जगते. मग गेली कुठं?"

तेवढ्यात तिला दिसलं, तिच्या लेकरानं, छोट्या झामानं, ओढ्यातून ओंजळ भरली होती.

"अमान्झी! अमान्झी पिऊ नका!"

झामाची ओंजळ सुटली. काठावर उभ्या असलेल्या सासूबाईंच्या कानात मात्र तेवढा एकच शब्द शिरला.

"सासऱ्याचं नाव घेतलंस? तेही असं ओरडून?"

"चुकले, आई. पण ते विषारी झालंय—"

"विषारी? हा बघ थाळा, कसा लख्ख आहे!" असं म्हणून त्यांनी मलाच उचललं आणि तोंडाला लावलं.

मित्रांनो, त्यांचे ओठ माझ्या काठावर टेकले तेव्हा मला उपडं व्हायचं होतं. पण थाळा कसला उपडा होतो! धरतील तसा तो धरला जातो.

दुपारी उलट्या सुरू झाल्या. शेजाऱ्याच्या गाडीतून त्यांना दवाखान्यात नेलं. परतल्या त्या काठी टेकत. बोनिसिवेनं पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी तो हुंगला, मग तिच्याकडे पाहिलं.

"यापुढं असं काही झालं तर नाव घेऊनच ओरड. म्हातारा रागावला तर वर गेल्यावर मी समजावीन त्याला."

बोनिसिवे हसता हसता रडली.

अजूनही बोनिसिवे आणि माभेंगू मला ओढ्यावर नेतात. सासूबाई काठीच्या आधारानं मागून येतात, वाकून माझ्यात पाहतात आणि परततात. मी अजून रिकामाच आहे. मित्रांनो, पाण्यात किडा दिसला म्हणून नाक मुरडू नका. आणि माझ्यासारखा लख्ख थाळा दिसला, तर आधी विचारा, इथं राहणारे गेले कुठं?