घाटात अडणारा श्वास

मी एक जुनी व्हॅन आहे आणि माझ्या छातीतले इंजिन माझ्या जन्माचे नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकलेले बरे, कारण माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी काळजी त्या इंजिनाबरोबर आली.

समुद्रापलीकडच्या एका थंड गावात मी घडले. तिथे आठ वर्षे मी पाव वाहिले. पुढे माझा मालक झालेल्या बासूचा चुलता त्या गावात कामाला होता. एका उन्हाळ्यात त्याने मला विकत घेतले, माझ्या टपावर गाद्या, सायकली आणि एक शिवणयंत्र बांधले आणि बोटीतून मला इकडे, ॲटलासच्या डोंगरात आणले. परत जाताना तो विमानाने गेला. मी इथेच राहिले, बासूकडे. बासूचे नुकतेच लग्न झाले होते. पहिल्या दिवशी त्याने माझी काच आपल्या लग्नातल्या रुमालाने पुसली. बायको दारातून बघत होती. ती म्हणाली, "माझ्याकडे तरी इतकं निरखून बघितलंस का कधी?"

काय सुखाची वर्षे होती ती. रविवारी मी बायकांना मिदेल्तच्या बाजाराला नेत असे. आसनाखाली कोंबड्या, मांडीवर अंडी आणि तोंडाने सगळ्या गावाची खबर. ईदच्या आधी मेंढे टपावर चढत. वराती तर किती नेल्या, डफ वाजवणाऱ्या बायकांनी माझे पत्रे बडवून बडवून चेपवले, पण त्या पोचांचा मला कधी राग आला नाही.

बासूची आई इट्टो नेहमी त्याच्या पाठीमागच्या आसनावर बसे. लोक तिला आदराने लल्ला इट्टो म्हणत. तिने बिस्मिल्ला म्हटल्याशिवाय बासू चावी फिरवत नसे. दरवर्षी आशुराच्या दिवशी, म्हणजे मोहरमच्या दहाव्याला, ती माझ्या उजव्या दिव्यामागच्या पोकळीत एक पुरचुंडी बांधायची. आत हरमलच्या बिया, खडे मीठ आणि तुरटी, वरून तांबड्या लोकरीचा धागा. दृष्ट लागू नये म्हणून आमच्याकडे पाळण्याला बांधतात, मागाला बांधतात, तशी गाडीलाही बांधतात. तिचा एक नियम आहे. एका घरची पुरचुंडी दुसऱ्याने हाताळायची नाही. जिने बांधली तिनेच सोडायची.

गावातली शाळा सहावीपर्यंत. पुढचे शिकायचे तर घाट ओलांडून मिदेल्तला जायचे आणि मुलींच्या वसतिगृहात राहायचे. वर्षानुवर्षे कोणी मुलगी गेली नव्हती. बासूची मुलगी तूदा सहावी झाली, तेव्हा इट्टो म्हणाली, "माझी नात जाईल. बाकीच्यांनी आपापलं बघावं." बाकीच्यांनी दोन आठवडे बघितले आणि मग म्हणाले, गाडी बासूची असेल तर आमच्याही जातील. अशा नऊ मुली झाल्या. सोमवारी सकाळी मी त्यांना घाटापलीकडे सोडायची आणि शनिवारी दुपारी परत आणायची. सोमवारी इट्टोचा रोजा असे. मुली पोचल्याचा निरोप घेऊन मी परत आले, की मगच तिच्या जिवाला स्वस्थता येई. तिचा नेम आणि माझा नेम असे चार वर्षे बरोबर चालले.

मग माझे पहिले इंजिन गेले. सांगण्यासारखे काही घडले नाही. ते थकले होते आणि एका सकाळी तेल ओकून थांबले. बासू माझ्या पायरीवर बसून राहिला. शेवटी त्याने मला ओढत हद्दूकडे नेले.

मिदेल्तच्या गॅरेजातला हा हद्दू फार गुणी मिस्त्री. सगळे त्याला मालेम म्हणत, म्हणजे आपल्या कामातला उस्ताद. दरीत कोसळलेल्या एका गाडीचे इंजिन त्याने भंगारातून आणले होते. ते माझ्या मापाचे नव्हतेच. त्याने माझ्या छातीतल्या पट्ट्या कापल्या, नव्या जोडल्या, तारा एकेक करून जुळवल्या. हे इंजिन तरुण होते, टर्बोचे होते, खोल श्वास ओढणारे. त्याच्या श्वासाची नळी कुठून काढावी, याला मात्र जागा सापडेना. शेवटी हद्दूने ती उजव्या दिव्यामागच्या पोकळीत आणून सोडली. तिथे पुरचुंडी होती, पण नळीच्या तोंडापासून वीतभर लांब. हद्दूने ती बघितली, अदबीने हात मागे घेतला आणि झाकण बंद केले.

त्यानंतर आठवड्याने इट्टो नवी पुरचुंडी घेऊन आली. आशुरा दूर होता, तरीही आली. इंजिन दरीतून आलेले, म्हणून तिच्या मनात भीती होती. जुनी सोडून तिने ही बांधली. या वेळची पुरचुंडी मुठीएवढी होती आणि धागाही लांब होता.

आणि माझा श्वास अडू लागला.

सपाट रस्त्यावर काही नाही. उभे राहून गुरगुरायला सांगा, गुरगुरेन. पण नऊ मुली, त्यांच्या पिशव्या आणि आठवड्याच्या भाकऱ्या घेऊन घाट चढू लागले, की इंजिन जोरात श्वास ओढायचे आणि पुरचुंडी उडून नळीच्या तोंडावर बसायची. मी गुदमरायची. मागून काळा धूर यायचा. घाबरून बासूने पाय उचलला की पुरचुंडी खाली पडायची आणि मी पुन्हा चालायची. पुन्हा चढ, पुन्हा तेच. गाडी थांबवून झाकण उघडावे, तर पुरचुंडी आपली शांतपणे धाग्याला लटकलेली. मित्रांनो, मला सगळे ठाऊक होते, पण देवाने मला वाचा दिलेली नाही.

हिवाळ्यात दोनदा मी घाटात बंद पडले. दुसऱ्या वेळी बर्फ होते. मुली दोन तास चालत उतरल्या आणि तूदाचे पाय सुजून आले. हिवाळ्याची सुट्टी संपत आली तेव्हा, शुक्रवारच्या नमाजानंतर, मुलींचे बाप मशिदीच्या पायरीवर जमले. नऊ जणींतल्या इज्जाचा बाप मोहा सगळ्यांत कडक.

"बासू, तुझी गाडी म्हणजे माझ्या सासऱ्याचं गाढव आहे," तो म्हणाला. "उतारावर एकदम शहाणं, चढावर नमाजाला बसतं."

लोक हसले. बासू हसला नाही.

"सोमवारी पोरी पोचल्या नाहीत तर वसतिगृहातल्या त्यांच्या खाटा दुसऱ्यांना देणार आहेत," तो म्हणाला. "मोहा, मला मालेमला एकदा दाखवू तरी दे."

"दाखव की. हकिमाला दाखव, फकिराला दाखव. माझी इज्जा त्या डब्यात बसणार नाही."

बाकीच्यांनी मान हलवली. मोहाची मुलगी गेली नाही तर त्यांच्याही जाणार नव्हत्या. आणि एकट्या तूदाला पाठवायला बासूची छाती होईना.

शनिवारी रिकामी असल्यामुळे मी धापा टाकत कशीबशी घाट ओलांडून हद्दूकडे पोचले. त्याने मागे वाळूची पोती भरली आणि बासूला म्हणाला, "चल, पुन्हा चढू. दुखणं जिथे होतं तिथेच बघायला पाहिजे."

दिवसभर आम्ही तोच चढ चढलो आणि उतरलो. त्याने डिझेलची गाळणी बदलली. डिझेलच्या नळीच्या जागी पारदर्शक नळी लावून बुडबुडे येतात का ते पाहिले. मग डिझेलचा डबा टपावर बांधून थेट इंजिनाला जोडला, म्हणजे टाकीवर संशय नको. तरी मी अडलेच. हद्दू खाली उतरला आणि बराच वेळ माझ्या धुराकडे बघत राहिला.

"बासू, पोटाला कमी पडलं असतं तर धूर इतका काळा झाला नसता," तो म्हणाला. "हिला खायला मिळतंय. श्वास मिळत नाही."

त्याने हवेची गाळणी काढली. ती स्वच्छ होती. मग पोकळीत जाणारी नळीच सोडवून बाजूला ठेवली आणि म्हणाला, "आता चढव." मी चढले मित्रांनो. पोत्यांसकट, एका दमात, जुन्या दिवसांसारखी.

"झालं की मग," बासू म्हणाला. "अशीच राहू दे."

"दोन दिवसांत धूळ आणि बर्फ खाऊन मरेल." हद्दूने नळी डोळ्याला लावून आरपार पाहिले. आत काही नव्हते. मग त्याने दिव्यामागे वाकून पाहिले आणि तसाच थांबला.

"आणखी काय?" बासूने विचारले.

"हवेच्या वाटेतली प्रत्येक वस्तू मी आज उघडली," हद्दू हळूच म्हणाला. "एकच सोडून. ती उघडणं माझ्या हातात नाही. तुझ्या आईकडे जावं लागेल."

रविवारी सकाळी तो बासूबरोबर मला घेऊन आमच्या अंगणात आला. इट्टो भाकरी थापत होती.

"ये मालेम, बस. चहा टाकते."

"चहा नंतर, लल्ला. आधी एक काम आहे तुमच्याकडे."

"गाडीच्या डॉक्टरचं माझ्याकडे काय काम? मला घोडीसुद्धा हाकता येत नाही."

"एक गाठ सोडायची आहे."

ती समजली. तिने हात धुतले आणि माझ्यासमोर उकिडवी बसली. चिखलाने गाठ दगडासारखी झाली होती. बासूने सुरी पुढे केली, तर म्हणाली, "बांधलेलं कापायचं नसतं." नखांनी, ओठांवर दुआ म्हणत, तिने ती गाठ सोडवली. पुरचुंडी हातात घेऊन उलटली. कापडावर काळे वर्तुळ उमटले होते, अगदी नळीच्या तोंडाएवढे. आतल्या बाजूला कापड ओढून ताणले गेले होते.

"म्हणजे हिचं तोंड मी दाबलं," इट्टो म्हणाली.

"नाही लल्ला. तुमची पुरचुंडी इथे कितीतरी वर्षं होती. मी तिच्या शेजारी नळी आणून ठेवली आणि तुम्हाला विचारलं नाही. चूक माझी."

"मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस. या वेळची मी मोठी बांधली होती." तिने त्या काळ्या वर्तुळावरून बोट फिरवले. "पोरींना जपायचं होतं रे मला. आणि त्याच पोरींना मी बर्फातून चालवलं."

तूदा दारात उभी होती. ती आपल्या हन्नाजवळ, म्हणजे आजीजवळ, येऊन बसली आणि म्हणाली, "हन्ना, माझे पाय कधीच बरे झालेत."

हद्दूने नळी पुन्हा जागेवर जोडली. इट्टोने पुरचुंडी पदरात घेतली आणि सरळ मोहाच्या दाराशी गेली. काय झाले ते काहीही न लपवता तिने सांगितले. माझ्या अंगणातून मला त्याचे दार दिसत होते.

"लल्ला इट्टो," मोहा म्हणाला, "मुलाची अब्रू वाचवायला आया काय काय आपल्या अंगावर घेतात, ते मला माहीत आहे. माझी आईही घ्यायची."

"मग स्वतः बसून बघ."

"बसतो. इज्जा घरी राहील. तिच्या जागेवर उद्या मी."

त्यामुळे सोमवारी आठ मुली आणि एक बाप असे मी निघाले. इट्टोचा रोजा होता. तिने निखाऱ्यावर हरमल टाकून त्याचा धूर माझ्या चारही चाकांना दाखवला आणि मागे सरली. या वेळी तिने काही बांधले नाही.

घाट सुरू झाला. जिथे मी नेहमी अडायची ते वळण आले. मोहाने समोरची दांडी घट्ट धरली. तूदाने डोळे मिटले. इंजिनाने खोल श्वास ओढला आणि तो पुरा आत गेला. मला वाटले, हे परके काळीज पहिल्यांदाच माझे झाले. वळण मागे पडले, मग पुढचे, मग त्याच्या पुढचे. माथ्यावर वारा होता आणि खाली मिदेल्तची घरे दिसत होती.

"थांबव," मोहा म्हणाला.

बासूचा चेहरा पडला. त्याने मला कडेला घेतले.

"गाडी वळव."

"आता काय झालं, सीदी मोहा?" बासूने अदबीने विचारले. "एकदासुद्धा अडली नाही ती."

"म्हणून तर," मोहा म्हणाला. खिडकीबाहेर बघतच तो बोलत होता. "माझी पोरगी घरी आहे. तिची जागा अडवून मी बसलोय."

त्या दिवशी मी तो घाट दोनदा चढले. दुसऱ्यांदा नऊ मुली होत्या आणि त्या इतक्या मोठ्याने गात होत्या, की माझा स्वतःचा आवाज मला ऐकू आला नाही.

त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. त्या इंजिनाने माझी अकरा वर्षे इमानाने सेवा केली. इट्टो देवाघरी गेली. बासूचे डोळे अधू झाले. माझी चाके कोणीतरी नेली आणि मी मोहाच्या सफरचंदांच्या बागेत, दगडांवर टेकून उभी आहे. फळे उतरवायच्या दिवसांत माझ्यात पेट्या ठेवतात. इज्जा आता खोऱ्यातल्या दवाखान्यात औषधे देते. सुट्टीत ती बापाला मदत करायला येते. माझे सरकते दार गंजले आहे, मध्येच अडते. मजूर त्याला लाथ मारतात. इज्जा मारत नाही. ती खाली बसते, रुळावरून बोट फिरवत कुठे अडले आहे ते शोधते, अडकलेली काडी काढते आणि तेलाचे दोन थेंब सोडते.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी वस्तू, एखादे म्हातारे माणूस असे चालता चालता अडत असेल. त्याच्या वयाला बोल लावण्याआधी, एवढे बोट फिरवून बघाल का?