वेदीसाठी सरळ मेणबत्त्या

ताईने कारखान्याच्या खिडकीची कडी काढली. धाकट्या भावाने ती पुन्हा लावली.

"वारा लागला की मेणबत्त्या वाकतात, ताई. वडिलांपासून हे असंच चालत आलंय."

"पोटुशी बाई उकाड्याने कोसळली. तेही वडिलांपासून चालत आलंय?"

वाती मेणात बुडवणाऱ्या बायकांनी माना वर केल्या नाहीत. त्यांच्या रांगेत एक जागा रिकामी होती. भाऊ शांतपणे समजावत राहिला. बाईला हाकललेलं नाही, फक्त आता येऊ नकोस म्हटलंय, तिच्याच भल्यासाठी. शिवाय चर्चला मेणबत्त्या फुकट जातात, तेही ताईने विसरू नये.

ताई दर रविवारी मुलांना धर्मशिक्षण देई. काम माणसासाठी असतं, माणूस कामासाठी नसतो, हे ती गोष्टींतून, खेळांतून, न कंटाळता सांगे. याच भावाला तिने मांडीवर बसवून पहिली प्रार्थना शिकवली होती. आज मात्र ती त्याच्या जेवणाच्या वेळेची वाट पाहत राहिली.

तो जेवायला घरी गेला, तशी तिने एकूण एक खिडकी सताड उघडली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एकीने मान पुसली आणि चेहरा वाऱ्याकडे धरला. त्या दुपारच्या मेणबत्त्या काकड्यांसारख्या वाकड्या निघाल्या.

"ताई, ह्या वेदीवर उभ्या नाही राहायच्या," दुसरी म्हणाली. "लोटांगण घालतील."

ताईने त्याच उचलल्या. वेदी मांडण्याचं काम तिच्याकडेच होतं.

रविवारी चर्चमध्ये मिस्साची उपासना चालू असताना पांढऱ्याशुभ्र कापडावर मेण ठिबकत राहिलं. मुलं खुसखुसली. फादरांनी एकदा मेणबत्त्यांकडे, एकदा ताईकडे पाहिलं, द्राक्षारसाचा प्याला जरा बाजूला सरकवला आणि प्रार्थना पुढे चालू केली. पहिल्या बाकावर भावाचे कान लाल झाले होते.

बाहेर आल्यावर त्याने तिला पायरीवरच गाठलं.

"चारचौघांत नाक कापलंस माझं."

"तुझं नाक जागेवर आहे. तिची जागा कुठाय?"

मग ती थांबलीच नाही. वर्गात जे गोडीगुलाबीने सांगायची, ते सगळं तिने त्याच्या तोंडावर फेकलं. वेदीपुढे गुडघे टेकायचे आणि राबणाऱ्या बाईला श्वासापुरता वाराही द्यायचा नाही, ही कुठली भक्ती, असं तिने विचारलं. घरी निघालेली माणसं थबकली. भावाने त्यांच्याकडे चोरून पाहिलं.

"खिडक्या उघड्या ठेवतो," तो शेवटी पुटपुटला. "तिलाही मी स्वतः जाऊन परत बोलावतो. राहते कुठे ती?"

"इतकी वर्षं तुझ्याकडे राबली, आणि मला विचारतोस?"

"मला नाही माहीत. तू सांग ना."

ताईने तावातावाने रस्त्याकडे हात उचलला. पण चौकातून डावीकडे की उजवीकडे, ते तिला सांगता येईना.