फळ्यावरचा 'कुणी एक'

आमच्या कॉर्कबेक रग्बी क्लबाने जन्मात एकच मोठा कप जिंकला, १९६४ साली. त्याचा फळा बारमध्ये टांगलाय. सोनेरी अक्षरांत बारा नावं आणि तेरावं, 'कुणी एक'. शेवटच्या मिनिटाला चेंडू रेषेपार टेकवून सामना जिंकून दिला तो याच कुणा एकाने.

पंधराजणांचं रग्बी खेळणाऱ्या सभ्य लोकांना आमच्या तेराजणांच्या रग्बीचा विटाळ व्हायचा. आम्ही खाणीतली माणसं, खेळायचे चार पौंड घेतो ना! त्यांच्यातला कुणी एखादी दुपार जरी आमच्याकडे खेळला, तरी त्याला त्यांच्या क्लबात जन्मभर बंदी. म्हणून अशा खेळाडूचं नाव आम्ही छापत नाही आणि फोडतही नाही. पाहिलेलं पोटात ठेवायचं, ही इथली रीत.

यंदा वीस वर्षं झाली म्हणून फळा नव्याने रंगवायचं ठरलं. गावातल्या पाट्या रंगवणारी मीच. तेव्हाचा कप्तान जॉस मॉसप म्हणाला, "एडना, पुरे झालं आता. लिही त्याचं नाव. शनिवारी पडदा काढू."

गुरुवारी दुपारी तो कुणी एक स्वतःच हजर. डेझमंड फिअरन, गावातल्या पंधराजणांच्या क्लबाचा अध्यक्ष. कोटावर त्यांचा बिल्ला. मी शिडीवरून उतरले नाही.

"एडना, तू म्हणे नाव लिहिणारेस."

"रंग कालवलाय."

"अगं, हाकलून देतील मला. पंचवीस वर्षं घातलीत मी तिथे."

"आणि विल्फने किती घालायची होती?"

विल्फ माझा भाऊ, डेझमंडच्याच क्लबातला खेळाडू. १९६६ मध्ये तो एकच दुपार आमच्याकडे खेळला. त्याला पकडून देणाऱ्या पत्रावर सही होती या डेझमंडची. स्वतः शेण खाऊन दुसऱ्याचं तोंड हुंगणारा मेला! आमचे वडील त्या क्लबाचं मैदान राखायचे. ते गेले तेव्हा चहापाणी तिथेच ठेवलं, तर विल्फला आत घेतलं नाही. बापाच्या मयताचं हॅम सँडविच मी भावाला फाटकाच्या गजांतून दिलं.

"माझ्यावर संशय यायला लागला होता गं," डेझमंड म्हणाला. "कुणाचं तरी नाव द्यावं लागलं."

हातातला डबा त्याच्या डोक्यावर ओतावासा वाटला. त्याऐवजी मी म्हटलं, "खेळलास कसा, ते तरी सांग."

त्याला कुठे दुखतं ते मला बघायचं होतं. तो सांगायला लागला. मैदानाची डावी कड, घोट्याएवढा चिखल, जॉसने गुडघ्याशी दिलेला पास. दोघांना चुकवलं, तिसऱ्याला पाठीवर घेऊन रेषेपार कोसळला. बोलता बोलता माणूस बावीस वर्षांचा झाला, डोळे भरले. "बायकोलासुद्धा सांगितलं नाही कधी. माझ्या हातून एवढं एकच झालंय, एडना."

मग मला कळलं काय करायचं ते.

"जा. नाही लिहीत नाव."

त्याने माझा हात धरून उपकार मानले. तो गेल्यावर मी हात टर्पेंटाइनने पुसला.

शनिवारी बार खच्चून भरला होता. पाहुणा म्हणून डेझमंडही आला, न येऊन करतो काय! पडदा निघाला. तेरावं नाव तेच. जॉसने माझ्याकडे पाहिलं आणि पडद्याची घडी घातली.

तो कुणी एक म्हणजे कोण, हे विल्फला ठाऊक नव्हतं. त्याने ग्लास उंचावला. "कोण होता कुणास ठाऊक, पण बाप माणूस! त्याच्या नावाने होऊन जाऊ दे!" मग तो डेझमंडकडे वळला. "तुम्हीही उचला, अध्यक्षसाहेब. तुमच्यासारख्यांच्या भीतीनेच बिचाऱ्याला नाव नाही."

लोक हसले. डेझमंडने तोंड उघडलं. मी त्याच्याकडे बघत उभी होते. सोनेरी रंगाचा डबा आणि ब्रश बारखाली ठेवले होते मी. तो बोलला असता, तर सगळ्यांसमोर तिथल्या तिथे लिहिलं असतं.

"कुणी एक!" सगळे ओरडले. डेझमंडही त्यांच्याबरोबर ओरडला आणि ग्लास रिकामा केला.

मी डब्याचं झाकण ठोकून बसवलं आणि घरी गेले.